खड्ड्यात पडलेला ई. टी.

१९९५ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी व्हिडिओ गेम आला. आमच्या तालुक्याच्या गावात त्याला 'टीव्ही गेम' म्हणत आणि त्यात खोचायच्या कार्ट्रिजला 'कॅसेट'. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर' या यंत्राची ती बिनपरवाना नक्कल होती, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. दादाने साठवलेल्या पैशांतून जिल्ह्याच्या गावाहून एक नवी कॅसेट आणली. तिच्यावर जबडा उघडलेल्या डायनासोरचे चित्र होते. 'जुरासिक पार्क' हिंदीत येऊन वर्ष झाले होते. आमच्यापैकी कुणी तो पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्या चित्राचे मोल आणखीच मोठे. कॅसेट लावली, तर पडद्यावर एक विमान आले आणि समोरून येणाऱ्या विमानांवर गोळ्या झाडू लागले. दादाने कॅसेट काढली, तिच्यात फुंकर मारली, पुन्हा लावली. पुन्हा विमानच. तासाभराने स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या आईने पडद्याकडे पाहून विचारले, "यात डायनासोर कधी येतो रे?" दादा काही बोलला नाही. पुढचे दोन दिवस तो विमानेच पाडत राहिला.

हा प्रसंग मला अलीकडे वारंवार आठवतो, त्याला एक कारण आहे. मी महाविद्यालयात वाङ्मय शिकवते. पदव्युत्तर वर्गाला माध्यमांतराची एक अभ्यासपत्रिका असते आणि तिच्यासाठी विद्यार्थ्यांनी एक छोटा प्रबंध लिहायचा असतो. २०१२ साली एका विद्यार्थ्याने 'चित्रपटांवर बेतलेले सुरुवातीचे व्हिडिओ गेम' हा विषय मागितला. मी तो नाकारला. हा वाङ्मयाचा प्रांत नव्हे, असे मी म्हणाले. शिवाय हे खेळ बहुतेक टाकाऊच असतात, तेव्हा एखादी दर्जेदार कलाकृती निवड, असेही सुचवले. त्याने मान डोलावली आणि एका कादंबरीवर व तिच्यावरून निघालेल्या चित्रपटावर प्रबंध लिहिला. प्रबंध नीटनेटका होता, त्याला गुणही चांगले मिळाले. मात्र त्यात तो स्वतः कुठेच नव्हता. मी विषय नाकारला तेव्हा त्यातला एकही खेळ विद्यार्थी म्हणून, वाचक म्हणून पाहिलेला नव्हता. माझ्यापुढे पुरावा होता तो दादाच्या कॅसेटचा. वरचे चित्र एक आणि आतला माल दुसरा, एवढ्या एका अनुभवावर मी एका संपूर्ण प्रकाराचा निकाल लावला होता.

ही चूक मला उमगली ती पुढे, जेव्हा मी ते खेळ संगणकावर एम्युलेटरच्या साहाय्याने एकेक करून खेळू लागले. प्रथमच सांगून टाकते, की त्यांतले पुष्कळ खेळ खरोखरच वाईट आहेत. परंतु वाईट आणि चांगले यांची वाटणी जिथे होते, ती रेघ मला वाटली होती तिथे नव्हती.

सुरुवात त्या यंत्रापासून करायला हवी. १९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीने जे घरगुती यंत्र आणले, ते पुढे 'अटारी २६००' या नावाने ओळखले गेले. त्याची चालू स्मृती होती १२८ बाइट. आपण वाचत असलेल्या या परिच्छेदातली अक्षरेसुद्धा तीत मावणार नाहीत. कार्ट्रिजची क्षमता त्या सुमारास सामान्यतः ४ किलोबाइट, काही वेळा ८. अशा जागेत चित्रपट बसवायचा म्हणजे चेहरा नाही, संवाद नाही, पार्श्वसंगीत जवळपास नाही. हातात उरतात ते काही रंगीत चौकोन आणि त्यांच्या हालचाली. अशा वेळी रूपांतरकाराला विचारावा लागणारा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे: मूळ कृतीतले काय सोडले तरी ती उरते?

पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९८२ साली 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटावर याच यंत्रासाठी एक खेळ काढला. स्टार वॉर्स मालिकेवरचा परवानाधारक असा तो पहिलाच व्हिडिओ गेम. १९८० सालच्या त्या चित्रपटातली माणसे, त्यांची नाती, बापलेकांचे गाजलेले रहस्य, यांपैकी काहीही त्यात नाही. बर्फाळ ग्रहावरची एकच लढाई घेतली आहे: चार पायांची अजस्र यंत्रे पावलापावलाने तळाकडे सरकत आहेत आणि एक चिमुकले विमान त्यांच्याभोवती घिरट्या घालत गोळ्या झाडते आहे. मार बसेल तसा यंत्राचा रंग बदलत जातो. विमान जायबंदी झाले की दरीत उतरवून दुरुस्त करता येते, पण तेवढ्या वेळात यंत्रे पुढे सरकतात. एक पाडले की दुसरे येते. हा खेळ जिंकता येत नाही. कधी ना कधी एखादे यंत्र तळापर्यंत पोहोचतेच. त्या काळच्या बहुतेक खेळांची रचना अशीच होती, हे खरे. परंतु चित्रपटातही ती लढाई बंडखोर हरतात. आपल्या माणसांना निसटून जायला वेळ मिळावा, एवढ्यासाठीच ती लढली जाते. पराभव ठरलेला असताना तो लांबवत राहणे हा त्या प्रसंगाचा गाभा आहे, आणि नेमका तोच त्या काळच्या खेळाचाही साचा होता. आशय आणि घाट यांचे नाते शिकवताना आपण जे बोलतो ते मला इथे ४ किलोबाइटमध्ये सापडेल, असे मुळीच वाटले नव्हते.

आता त्याच यंत्रावरचा, त्याच वर्षीचा दुसरा खेळ. 'ई. टी. द एक्स्ट्रा-टेरेस्ट्रियल' या खेळाची ख्याती आजवरचा सर्वांत वाईट खेळ अशी आहे. स्टीव्हन स्पीलबर्गचा चित्रपट १९८२ च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला आणि त्याने गर्दीचे विक्रम मोडले. अटारी तेव्हा वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीची होती. हक्कांची बोलणी जुलैअखेर संपली आणि खेळ नाताळच्या बाजारात हवा होता. त्यासाठी तो सप्टेंबरच्या आरंभी तयार व्हायला हवा होता. म्हणजे हाताशी जेमतेम पाच आठवडे. अशा एका खेळाला एरवी अनेक महिने लागत. हे काम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुणाकडे आले. त्याचा 'यार्झ रिव्हेंज' हा खेळ त्या यंत्रावरच्या उत्तम खेळांत गणला जातो आणि स्पीलबर्गच्याच 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'वरचा खेळही त्यानेच केला होता. स्पीलबर्गने 'पॅकमॅन'सारखे काहीतरी सोपे करावे असे सुचवले होते; वॉरशॉला त्याहून काही वेगळे करायचे होते.

वेगळे म्हणजे काय, ते खेळताना दिसते. ई. टी.च्या हातात शस्त्र नाही. त्याने टेलिफोनचे तीन तुकडे शोधायचे, घरी निरोप धाडायचा आणि ठरल्या वेळी जंगलातल्या ठरल्या जागी पोहोचायचे. प्रत्येक पावलागणिक त्याची शक्ती घटते आणि आकडा ९९९९ वरून खाली येत राहतो. शक्ती संपली की इलियट हा मुलगा येऊन त्याला जिवंत करतो. एका खड्ड्यात कोमेजलेले फूल आहे, ते त्याला फुलवता येते. पाहणारी माणसे त्याला मारत नाहीत. पकडून नेतात किंवा त्याच्याजवळचे तुकडे हिरावून घेतात. कल्पना म्हणून पाहिले तर चित्रपटातला एकाकीपणा, परकेपणा, घराची ओढ हे सगळे या आराखड्यात आहे. गोळीबाराच्या त्या जमान्यात केवळ घरी जायची इच्छा असलेला नायक उभा करणे हे धाडसच म्हणायला हवे.

पण तुकडे खड्ड्यांत आहेत आणि खड्ड्यांनी खेळाचा घात केला. ई. टी.च्या आकृतीचा एखादा कोपरा जरी काठाला टेकला तरी तो आत पडतो. मान उंचावून हळूहळू वर तरंगत यायचे, बाहेर पडल्याबरोबर चुकीच्या दिशेला जरा हात गेला की पुन्हा आत. पाचदहा वेळा असे झाल्यावर कुठलेही मूल यंत्र बंद करील. यात सुधारणा करायची तर खेळ चार मुलांच्या हाती देऊन, ती कुठे वैतागतात हे पाहून तो पुन्हा लिहावा लागतो. त्यासाठी लागणारा सहावा आणि सातवा आठवडा वॉरशॉला मिळालाच नाही. चाळीस लाखांच्या आसपास कार्ट्रिजे तयार झाली असे सांगितले जाते; त्यांतली बहुसंख्य विकली गेली नाहीत. १९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा सगळा बाजारच कोसळला. त्या सप्टेंबरात अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत नेऊन पुरला. पुढे तीस वर्षे ही गोष्ट आख्यायिकेसारखी सांगितली जात होती. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणली, तेव्हा ती खरी ठरली. पण त्या ढिगाऱ्यात ई. टी.खेरीज इतर अनेक खेळही निघाले, त्यांत लोकांनी डोक्यावर घेतलेलेही होते. म्हणजे बाजार कोसळला तो एका माणसाच्या एका खेळामुळे नव्हे. दुकानांत मागणीच्या कितीतरी पट माल भरला होता, वाटेल त्या कंपन्या वाटेल तसे खेळ काढत होत्या आणि घरगुती संगणक स्वस्त होत चालले होते. दोष मात्र एका नावावर चिकटला, कारण एका नावावर तो चिकटवणे सोपे असते. वॉरशॉ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला.

ही हकीकत वाचताना मला माझीच एक जुनी लाजिरवाणी गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे एका कादंबरीचे तासाभराचे नभोनाट्य करून देण्याचे काम आले. आधी ठरलेल्या लेखकाने ऐनवेळी अंग काढून घेतले होते आणि हाती तीन आठवडे होते. मी होकार दिला. त्या कादंबरीत एक आजी आहे. ती पानेच्या पाने बोलत नाही आणि तिच्या त्या न बोलण्यावर सगळे घर उभे आहे. नभोवाणीवर न बोलणारे पात्र ऐकू येणार कसे? यावर उपाय असतात: भांड्याचा आवाज, दाराची कडी, दुसऱ्या कुणाचे अर्धवट तुटलेले वाक्य. ते सुचायला वेळ लागतो. मी आजीला बोलायला लावले. कादंबरीतला एकही प्रसंग मी गाळला नव्हता आणि कादंबरी मात्र पुरती गळून गेली होती. प्रसारणानंतर माझ्या गुरुजींचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच ओळ होती: "तुमच्या आजीला जरा गप्प बसायला सांगा." ते पोस्टकार्ड मी आजही जपून ठेवले आहे. मुदत कमी होती, ही सबब खरी होती. पण होकार मी दिला होता, हेही तितकेच खरे.

तेव्हापासून रूपांतर वाईट का होते, या प्रश्नाचे उत्तर मी केवळ माध्यमाच्या मर्यादेत शोधत नाही. लिंडा हचन यांनी 'अ थिअरी ऑफ अ‍ॅडॅप्टेशन' या २००६ सालच्या ग्रंथात कथेशी जडणाऱ्या संबंधाचे तीन प्रकार मानले आहेत: सांगणे, दाखवणे आणि सहभागी होणे. व्हिडिओ गेम हा तिसऱ्या प्रकारातला. कादंबरीचा चित्रपट करताना जसे सांगितलेले दाखवावे लागते, तसे चित्रपटाचा खेळ करताना दाखवलेले करायला द्यावे लागते. प्रेक्षक जे पाहत होता ते खेळणाऱ्याने करायचे, तर नेमके काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडले त्याचा खेळ जगला.

हे उत्तर अर्धेच सापडल्याचे उदाहरण म्हणजे 'बॅक टू द फ्युचर'. १९८५ सालच्या या चित्रपटावर एलजेएन या कंपनीने निन्टेन्डोच्या यंत्रासाठी १९८९ साली खेळ काढला. चित्रपटात मार्टीच्या खिशात भावंडांबरोबरचा एक फोटो असतो आणि भूतकाळात ढवळाढवळ झाल्यामुळे त्यातली माणसे एकेक करून पुसट होत जातात. खेळातही तो फोटो आहे. घड्याळे गोळा केली नाहीत तर तो विरत जातो. काळ आणि नाहीसे होण्याची भीती खेळाच्या नियमातच उतरवण्याची ही युक्ती नामी आहे. पण तिच्याभोवती आहे काय? एक लांबच लांब रस्ता, चावणाऱ्या माश्या, काच वाहून नेणारी माणसे, आणि पुन्हा तोच रस्ता. चित्रपटाचे सहलेखक बॉब गेल यांनी या खेळाविषयी जाहीर नापसंती दर्शवली होती. इथे एक चांगली ओळ सुचलेला कवी उरलेली कविता यमकांनी भरून काढताना दिसतो.

याउलट सनसॉफ्टचा 'बॅटमॅन'. टिम बर्टनच्या १९८९ सालच्या चित्रपटावरचा हा खेळ जपानमध्ये त्याच वर्षाच्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९० साली आला. तो आमच्याही घरात आला होता, दादाच्याच दुसऱ्या एका कॅसेटमधून. आणि या वेळी वरचे चित्र व आतला खेळ एकच होते. चित्रपटात नसलेले शत्रू त्यात आहेत आणि बॅटमॅनचा रंग चक्क जांभळा आहे. मूळ कृतीशी प्रामाणिक राहणे म्हणजे तपशील जुळवणे असे मानणाऱ्याने हा खेळ नापास करावा. पण भिंतीवर पाय रोवून समोरच्या भिंतीवर उडी मारायची, तिथून पुन्हा इकडच्या, असे करत अंधाऱ्या उंचीवर चढत जायचे, ही त्यातली मुख्य क्रिया आहे. ती हाताला जमू लागली की अंगात जी ऐट येते, ती बॅटमॅनचीच. मी चित्रपट पाहिला तो महाविद्यालयात गेल्यावर, आणि शेवटी तो कॅथीड्रलच्या मनोऱ्यात शिरला तेव्हा माझी बोटे आपोआप हलली. माझ्या लेखी चित्रपट हेच त्या खेळाचे रूपांतर होते! मूळ आधी आणि रूपांतर नंतर, हा क्रम आपण गृहीत धरतो. पण वाचकाच्या आयुष्यात तो कितीदा उलटा असतो. 'ती फुलराणी' आधी पाहून मग शॉच्या 'पिग्मॅलियन'कडे गेलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

एकाच चित्रपटाची दोन चांगली रूपांतरे शेजारी ठेवून पाहायची असतील तर 'अलादिन'कडे वळावे. डिस्नेच्या १९९२ सालच्या या चित्रपटावर पुढच्याच वर्षी दोन वेगळे खेळ निघाले: सेगाच्या यंत्रासाठी व्हर्जिनने केलेला, आणि निन्टेन्डोच्या यंत्रासाठी कॅपकॉमने केलेला. पहिल्यासाठी डिस्नेच्या चित्रकारांनी कागदावर काढलेली चित्रे वापरली. त्यातला अलादिन तलवार चालवतो आणि त्याच्या प्रत्येक हालचालीत चित्रपटाची लय जाणवते. दुसरा शिंजी मिकामी यांनी रचला. त्यातल्या अलादिनकडे तलवार नाही. तो शत्रूंच्या डोक्यावर पाय देऊन उडतो, दांड्यांना लोंबकळतो, चादर पसरून तरंगत खाली येतो. एकाने अलादिन कसा दिसतो हे पकडले, दुसऱ्याने तो पळतो कसा हे. पोटासाठी पाव चोरून गच्च्यांवरून पळणाऱ्या मुलाची गोष्ट मला दुसऱ्यात अधिक वाटते. माझ्या भाच्याचे मत नेमके उलट आहे आणि आमचा वाद अद्याप मिटलेला नाही.

आणि वेळेविषयी बोलायचे तर 'गोल्डनआय ००७'. जेम्स बाँडचा हा चित्रपट १९९५ च्या नोव्हेंबरात आला. इंग्लंडमधील रेअर कंपनीचा खेळ ऑगस्ट १९९७ मध्ये. बाजाराच्या हिशेबाने हा उशीर घातकच ठरायला हवा होता. मार्टिन हॉलिस यांच्या हाताखालच्या चमूतल्या बहुतेकांनी त्यापूर्वी खेळ केलेला नव्हता. त्यांनी चित्रीकरणाच्या जागा हिंडून पाहिल्या, नकाशे आणि छायाचित्रे जमवली. अनेक जागा आधी बांधल्या आणि त्यांत खेळणाऱ्याने काय करायचे ते मागाहून ठरवले. त्यामुळे तिथे शिरल्यावर ती जागा आपल्यासाठी सजवलेली वाटत नाही. ती आधीपासून होती आणि आपण चोरपावलांनी आत आलो आहोत असे वाटते. गुप्तहेराला नेमके हेच वाटायला हवे. त्या खेळाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. वॉरशॉचे पाच आठवडे आणि हॉलिसची अडीच-तीन वर्षे शेजारी ठेवली की गुणवत्तेतल्या चढउताराचे निम्मे कारण हाती येते. उरलेले निम्मे कारण वेष्टणावरच्या चित्रात आहे. ज्या खेळाचे नाव आधीच खपलेले असते, तो चांगला करण्याची निकड मालकाला उरत नाही. दादाला फसवणाऱ्या त्या कागदी चित्रामागचा हिशेब आणि मोठ्या परवानाधारक कंपन्यांचा हिशेब यांत मला जातीचा फरक दिसत नाही, प्रमाणाचा दिसतो. तसे असूनही आतल्या माणसाने कधी कधी चोख काम केले, याचेच आश्चर्य अधिक वाटावे.

गेल्या वर्षी मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता एका शाळेत मराठी शिकवतो. "तुझा विषय चांगला होता, मी तो न वाचताच नाकारला," एवढे सांगायला मला बरेच आढेवेढे घ्यावे लागले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मी तेव्हा ई. टी.चा खेळ शेवटपर्यंत पुरा केला होता. खड्ड्यांची सवय होते. शेवटी यान येतं आणि तो घरी जातो."

मी अजून तिथवर पोहोचलेले नाही. माझा ई. टी. तिसऱ्या तुकड्यासाठी खड्ड्यात उतरतो आणि वर येता येता पुन्हा पडतो.